घाटोळे सरांचं अर्धं मिनिट

माझ्या टेबलावर एक सायकलची घंटी आहे. लाकडाच्या फळीवर दोन स्क्रूंनी बसवलेली, वरचा चकाकता मुलामा उडालेली. ऑफिसात नवीन आलेलं माणूस हमखास तिला अंगठा लावून बघतं आणि मी हमखास खेकसते, "हात नका लावू!" मग त्यांना वाटतं, बाई चिडक्या आहेत. आहेच मी चिडकी. या घंटीपायी माझं स्वतःशीच एक भांडण लागलंय, ते अजून मिटत नाही. एक दिवस वाटतं, बरोबर केलंस रंजना. दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता एकदम मनात येतं, काय गं बाई तू, माणूस आहेस की मशीन?

घंटी घाटोळे सरांची. पुंडलिक घाटोळे. भिलाईत ज्यांच्या घरी केबल होतं त्यांना हा आवाज सांगावा लागत नाही. पावर हाउस भागातल्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत आमचं चॅनल चालतं. रोज संध्याकाळी सातला हिंदीत गावच्या बातम्या. त्या सर वाचायचे. मी पडद्यावरची खालची पट्टी टाईप करते, कॅमेरा लावते, चॅनलचं फेसबुक सांभाळते आणि भैयाजींचं, म्हणजे मालकांचं, डोकं दुखलं तर गोळीही आणून देते. भिलाईतल्या छोट्या चॅनलात बाईला एकच काम असतं, असं समजू नका.

सर मूळ भंडाऱ्याकडचे, पण नोकरी सगळी इथल्या पोलादाच्या कारखान्यात गेली. मिलच्या वर एका काचेच्या केबिनमध्ये बसायचे. समोर माईक. क्रेन निघाली की खालच्या माणसांना सांगायचं. वर्षानुवर्षं हेच. त्यामुळे आवाज असा घडला होता की गडगडाटातही एकेक अक्षर सुटं ऐकू यावं. रिटायर झाल्यावर कुणाच्या तरी बारशाला त्यांनी जेवणाची पंगत बसल्याचं पुकारलं, ते भैयाजींनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. लोक 'सर' म्हणायला लागले ते टीव्हीमुळे, शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. शिकवायच्या त्या काकू, त्यांच्या पत्नी.

माझ्याशी ते मराठीत बोलायचे, कारण ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. मी दुर्गच्या रेल्वेवाल्या घरातली, बाबा नागपूरकडून इकडे आलेले. पहिल्याच दिवशी सरांनी मला क्रेनची गोष्ट सांगितली.

"आमचं काम सोपं होतं, रंजना. क्रेन येऊन राहिली, बाजूले व्हा. बस. क्रेन चांगली का खराब, डायवर आपला का पराया, हे माईकवर नाई सांगत. खालचा माणूस ते ऐकत बसला तं चेंदामेंदा होईन त्याचा."

मी मान डोलावली आणि पट्टी टाईप करायला बसले. एका पक्षाची मिरवणूक निघाली होती. मी लिहिलं, 'विशाल रैली'. सर मागे येऊन उभे. कानाच्या मागची पेन्सिल हातात.

"तू गेली होती काय रॅलीत?"

"नाही, सर."

"मंग विशाल कावून?"

"प्रेस नोटमध्ये आहे."

"ज्याची रॅली त्याचीच नोट. त्याले तं विशालच वाटन ना बाप्पा!"

आणि पेन्सिल थेट माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेकवून त्यांनी 'विशाल' खोडलं. पडद्यावर बारीक रेघ उमटली, ती अजून आहे. पुढे तर त्यांनी विशेषणांच्या मागे हात धुऊन लागून मला छळलं. जबरदस्त गेलं, भव्य गेलं, दु:खद गेलं. "दुःखद हाय का नाई, ते ऐकणारा ठरवन," म्हणायचे. माझी अशी गत झाली की घरी आईनं "भाजी कशी झाली गं?" विचारलं तर मी "शिजली आहे" म्हणायला लागले. आई म्हणाली, "नोकरी सोड."

सरांच्या घरी, सेक्टर ६ मध्ये, काकूंचं दुःख माझ्यापेक्षा मोठं होतं. मी एकदा जेवायला गेले होते तेव्हा त्यांनी माझ्यासमोर पुरावाच दिला.

"ऐक वो रंजना. ओ, सांगा, आज वरण करू का कढी?"

सर पेपरातून मान न काढता म्हणाले, "वरण पचाले हलकं असते. कढीनं तोंडाले चव येते. दोन्हीचं आपापल्या जागी बरोबर हाय."

"पायलं?" काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या. "संसार गेला माया याच्यात. लग्नात सासूशी वाजलं तं म्हने, तुजीही बाजू हाय, आईचीही बाजू हाय. मले तं वाटते, यमराज आला तं त्याचीही बाजू ऐकून घेतीन हे!"

सर हसले नाहीत. त्यांनी खरंच विचार करून पाहिला असावा, असं मला वाटतं.

निवडणूक आली की सरांच्या अंगात यायचं. कपड्यांपासून सुरुवात. भगवा नको, हिरवा नको, निळा नको, लाल नको, पिवळा घालावा तर त्याचाही कुणीतरी झेंडा निघायचा. पांढरा तर पुढाऱ्यांचाच. राहता राहिला राखाडी. कारखान्याच्या गणवेशाच्या कापडाचे त्यांनी एकसारखे राखाडी शर्ट शिवून घेतले होते आणि आचारसंहिता लागल्यापासून निकालापर्यंत तेच. एका निवडणुकीत एका अपक्षाला 'चष्मा' हे चिन्ह मिळालं. झालं! संध्याकाळी सर चष्मा काढून बातम्या वाचायला बसले.

मी म्हटलं, "सर, तुम्हाला चष्म्याशिवाय कागद दिसतो का?"

"नाई दिसत."

"मग?"

"मंग मोठं लिही."

मी अक्षरं मोठी केली. तरी दिसेना. आणखी मोठी केली. शेवटी एका पानावर चार शब्द बसायला लागले आणि पंधरा मिनिटांच्या बातम्यांचा गठ्ठा टेबलावर असा रचला गेला की कॅमेऱ्यात सरांची हनुवटी दिसेना. निकालापर्यंत ते उशीवर बसून, पानं उलटून उलटून, घाम गाळत वाचत राहिले. गंमत म्हणजे त्या अपक्षानंच नंतर येऊन विचारलं, "सर, डोळ्याचं ऑपरेशन झालं काय?" असला वेडेपणा दुसऱ्या कुठल्या चॅनलात झाला असेल तर मला दाखवा.

घंटीही निवडणुकीतलीच. उमेदवारांना लोकांसमोर एकत्र बसवायचा कार्यक्रम आम्ही करायचो, तो सरांनीच सुरू केलेला. बोलणं आवरेना, तेव्हा सरांनी ड्युटीला जायच्या जुन्या सायकलची घंटी काढून फळीवर ठोकली. उमेदवाराला उत्तराला एक मिनिट. लोकांना प्रश्नाला अर्धं. वेळ संपली की ट्रिंग, आणि ट्रिंग झाली की माईक बंद. वाक्य संपो न संपो, शब्द पुरा होवो न होवो. मंत्र्याच्या भाच्यालाही तेच आणि केळीवाल्यालाही तेच.

एका वर्षी काकूंचे सख्खे भाऊ वॉर्डातून उभे होते. बिचारे भाषणाला कच्चे. शेवटी आईची आठवण काढली, "माझी आई म्हणायची की..." एवढ्यात सरांनी ट्रिंग केलं. आई काय म्हणायची ते गावाला कधीच कळलं नाही. भाऊ पडले. काकूंनी पंधरा दिवस सरांना बिनसाखरेचा चहा दिला आणि तो त्यांनी मुकाट्यानं प्याला.

मी विचारलं, "सर, दोन सेकंद दिले असते तर काय बिघडलं असतं?"

घंटीची फळी पुसत ते म्हणाले, "ओळखीच्या माणसावर अंगठा जड होते, रंजना. होतेच. तेव्हा जोरानं दाबाचा."

आता फेसबुकचं. इथून माझा गुन्हा सुरू होतो.

आमच्याकडे अंशुल नावाचा तरुण अँकर आला होता. चेहरा चांगला, बोलणं फर्डं, पण बातम्यांतून उठला की मोबाईल हातात. याला शाबास, त्याला चोर, ह्यांनाच मत द्या. कॅमेऱ्यासमोर निष्पक्ष आणि जिना उतरेपर्यंत एका पक्षाचा. तो ज्यांची तारीफ करायचा ते भैयाजींच्याही मर्जीतले, म्हणून भैयाजी म्हणायचे, "नया खून है, लिखने दो." आणि मला म्हणाले, "घाटोळे जी का भी अकाउंट बना दो, चैनल की ख़बरें शेयर करेंगे." मी बनवलं. फोटो कुठला लावायचा? घरातला त्यांचा एकही धड फोटो नव्हता. मी स्टुडिओतला लावला. राखाडी शर्ट, समोर माईक, मागे चॅनलच्या नावाची पाटी. छान दिसत होते. सरांच्या मोबाईलवर ते सुरू करून दिलं, कामाला लागले मी, विसरून गेले.

मग ती शाळेची बातमी आली. सरांच्या घरासमोर एक छोटी प्राथमिक शाळा. काकू तिथेच शिकवून निवृत्त झालेल्या. आमचे पार्षद, म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक, निवडणुकीला पुन्हा उभे होते. ते जाहीर बोलायला लागले की या शाळेत पोरंच येत नाहीत, रिकामी इमारत आहे, बंद करून जागा दुसऱ्या कामाला घेऊ. सरांनी ते जसंच्या तसं वाचलं. नियमाप्रमाणे दुसरी बाजू घ्यायची. शाळेत फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, "नोकरी जाईल हो, माझं नाव नका घेऊ." मी म्हटलं, कॅमेरा घेऊन जाते, सकाळी पोरं आत जाताना दाखवू, कुणी बोलायची गरजच नाही. भैयाजी म्हणाले, "चुनाव के बाद देखेंगे." तीन दिवस पार्षदांची एकच बाजू आमच्या बातम्यांतून गेली आणि ती वाचली सरांनी.

चौथ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजायचा थांबेना. सरांनी फेसबुकवर लिहिलं होतं. हिंदीत होतं, पण मराठीत सांगायचं तर असं: 'आमच्या घरासमोरची शाळा रिकामी आहे, असं पार्षद म्हणतात. ती रिकामी नाही. मी रोज सकाळी पोरं आत जाताना पाहतो. पार्षदांचं म्हणणं खोटं आहे, आणि शाळा बंद करणं चूक आहे, असं माझं मत आहे. माझी पत्नी या शाळेत शिकवत होती, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावं.'

एकही विशेषण नव्हतं, तेवढं मी आधी पाहिलं. सवय!

दुपारपर्यंत ते सगळ्या भिलाईच्या मोबाईलमध्ये पोचलं. सरांचा चेहरा, राखाडी शर्ट, आमची पाटी आणि खाली 'पार्षदांचं म्हणणं खोटं आहे'. लोकांनी वाचलं ते असं की चॅनलच बोललं. संध्याकाळी विरोधी उमेदवाराच्या माणसांनी चौकात बॅनर लावलं. त्यावर सरांचा तोच फोटो आणि 'घाटोळे सर भी हमारे साथ'. सर सायकलवरून येताना त्याच्याखालून आले. ऑफिसात येऊन खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

"मी कोणाच्या साथ नाई, रंजना. मी फक्त शाळेबद्दल लिहिलं. ही कायची साथ?"

पार्षदांनी निरोप पाठवला की उमेदवारांना एकत्र बसवायच्या रविवारच्या सभेत घाटोळे मधल्या खुर्चीवर असतील तर आम्ही येणार नाही. भैयाजींनी सरांना आत बोलावलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. भैयाजी माणूस वाईट नाहीत, घाबरट आहेत.

"घाटोळे जी, सिंपल है. पोस्ट हटा दो. लिख दो कि अकाउंट हैक हो गया था. सब यही लिखते हैं. बात ख़त्म, संडे को कुर्सी आपकी."

"हैक नहीं हुआ था."

"अरे मालूम है! लिखने को बोल रहा हूँ."

"मैं ही था, भैयाजी. मैं ही बैठ के लिखा."

मी तिथेच उभी राहून पेटले. आत घुसून म्हटलं, "और अंशुल? वो रोज़ लिखता है, उसका अकाउंट रोज़ हैक होता है क्या?" भैयाजी खिडकीतून खाली बघायला लागले. अंशुल दाराबाहेर उभा होता, त्यानं मान खाली घातली. पण सर माझ्यावरच उखडले.

"त्यानं चुकी केली म्हून माझी बरोबर होते काय? चूप बस."

जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "सर, तुम्हीच तर सांगायचे, मत माईकवर नाही. मग कायले लिहिलं?"

"माईकवर कुठं लिहिलं? मी घरी बसून लिहिलं ना, बनियनवर! भारताचा नागरिक हाय का नाई मी? तीन दिवस म्या एकाचंच वाचलं. दुसरी बाजू भेवानं बोलून नाई राहिली. मंग निष्पक्ष कसं झालं ते? क्रेन येऊन राहिली आन मी केबिनमध्ये बसून सांगून राहिलो की येत नाई. खाली लेकरं हाय, रंजना."

"पण सर," मी म्हटलं, आणि म्हणायला नको होतं, "तुम्ही बनियनवर होतात, फोटोतले तुम्ही राखाडी शर्टात होतात."

त्यांनी माझा मोबाईल मागितला. आपलंच पान उघडून किती तरी वेळ बघत राहिले. त्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. निवडणुकीत चष्मा काढून बसणारा माणूस, आणि आपण घरातून लिहिलेल्या मताच्या डोक्यावर चॅनलची पाटी आहे हे त्यानं पाहिलंच नाही. आणि ती पाटी लावली कोणी? मी. मला रडूच फुटलं. सर ओरडतील असं वाटलं, पण ते शांतपणे म्हणाले, "फोटो काढून टाक. मत राहू दे."

मग ते वर गेले आणि भैयाजींना म्हणाले की पोस्ट काढत नाही, खोटं लिहीत नाही, आणि आजपासून बातम्याही वाचत नाही, कारण आता पार्षदाची बातमी वाचली तर ऐकणाऱ्याला खरी वाटणार नाही. भैयाजींनी हात धरले, खरंच धरले. पण सरांनी ऑफिसच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. जाताना घंटी उचलून माझ्या टेबलावर ठेवली.

"संडेले अंशुल बसन. वेळ तू पाय."

मला त्या दिवशी इतका राग आला होता की कुणावर काढावा तेच समजेना. भैयाजींवर, अंशुलवर, बॅनरवाल्यांवर, माझ्यावर, आणि सरांवरसुद्धा. एवढं आयुष्य दोन्ही बाजू ऐकण्यात घालवलं आणि एकदा स्वतःची बाजू सांगितली तर खुर्चीच सोडून द्यायची? काकूंना फोन केला तर त्या हसून राहिल्या होत्या आणि रडूनही राहिल्या होत्या. म्हणाल्या, "पहिल्यांदा एका बाजूनं बोलला वो माणूस, तेही माया शाळेसाठी. आज मी वरणही केलं आन कढीही केली."

त्या सभेनंतरच्या आठवड्यात दोघं मुलीकडे नागपूरला गेले आणि तिकडेच राहिले. दुर्ग स्टेशनवर माझे बाबा त्यांना सोडायला गेले, मी गेले नाही. हिंमत झाली नाही. फोनवर बोलणं होतं, तब्येत, पाणी, काकूंचे गुडघे. शाळेची फाइल अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरून राहिली आहे, तेवढं मी सांगते. सभेचा विषय मी काढत नाही, तेही काढत नाहीत. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर जे शेवटचे सर आहेत, ते त्या रविवारचेच.

सेक्टर ६ मधला एक हॉल. बाहेर सायकली आणि स्कूटरींची दाटी. मंचावर पार्षद, विरोधी उमेदवार, मध्ये अंशुल. बाजूच्या टेबलावर मी, समोर घड्याळ आणि घंटी. थेट केबलवर जाणार, सातला संपलं पाहिजे, कारण सातला बातम्या. प्रश्न विचारणाऱ्यांची रांग लागली आणि रांगेत मला सर दिसले. मी ओळखलंच नाही आधी. मोहरीच्या रंगाचा चौकड्यांचा शर्ट, घड्या अजून मोडलेल्या नाहीत. काकूंनी केव्हाचा आणून ठेवलेला, त्यांनी कधी अंगाला न लावलेला.

त्यांचा नंबर आला. पार्षद सावरून बसले. मी घड्याळ लावलं.

सर माईकसमोर उभे राहिले आणि सुटं सुटं बोलायला लागले. "मी पुंडलिक घाटोळे, याच वॉर्डात राहतो. प्रश्न शाळेबद्दल आहे. आधी सांगतो, माझी पत्नी या शाळेत शिकवत होती. हेही सांगतो की मी माझं मत फेसबुकवर लिहिलं आहे. चौकातल्या बॅनरवर माझा फोटो आहे, तो मला न विचारता लावला आहे, मी कोणत्याही पक्षाचा नाही. मी या चॅनलवर बातम्या वाचायचो, आता वाचत नाही, तेव्हा हा प्रश्न चॅनलचा समजू नये..."

मी घड्याळाकडे बघत होते आणि मनातल्या मनात किंचाळत होते, सर, विचारा! आधी विचारा! हे सगळं कोण विचारतंय तुम्हाला? त्यांना वेळ कळत नव्हता असं नाही. जगात कुणाला अर्धं मिनिट कळत असेल तर त्यांना. पण आपलं कुठे काय गुंतलंय ते सांगितल्याशिवाय त्यांच्या तोंडून प्रश्न निघेना.

"माझा प्रश्न असा आहे की शाळा रिकामी आहे असं आपण ज्या दिवशी..."

घड्याळाचा काटा अर्ध्या मिनिटावर आला. अंगठा जड झाला. इतका जड की मला माझा हात परका वाटला. आणि मग मी दाबला, जोरात.

माईक बंद. सर त्या शब्दावर तसेच थांबले. एक अक्षर पुढे नाही.

हॉलमध्ये गोंगाट उसळला. "बोलने दो! सर को बोलने दो!" अंशुलनं माझ्याकडे वाकून बघितलं, चेहरा पांढरा. "दीदी, दे दो ना एक मिनट. सर हैं." तोच अंशुल! पार्षदांनी ग्लास उचलून पाणी प्यायलं. बॅनरवाले खुर्च्यांवर उभे राहिले. सरांनी त्यांच्याकडे वळून दोन्ही हात खाली दाबल्यासारखे केले, बसा, बसा. मग माईकपासून बाजूला झाले. मला वाटलं, घरी जातील. ते चालत चालत रांगेच्या शेवटी गेले आणि तिथे पुन्हा उभे राहिले.

नाली, पाणी, रस्त्यावरचे दिवे. प्रश्न येत होते, मी घंटी वाजवत होते, आणि रांग पुढे सरकत होती. पार्षदांची उत्तरं लांबत होती. मी त्यांचीही तोडत होते, एक सेकंद जास्त दिला नाही. मोहरी रंगाचा शर्ट जवळ येत होता. पाच जण पुढे. चार. तीन. दोन.

सात वाजले.

कार्यक्रम संपल्याची लांब घंटी मी द्यायची होती. मी दिली नाही. हात मांडीवर ठेवून बसले. भैयाजी हॉलच्या दारातून हात हलवायला लागले. सातवर एक मिनिट गेलं असेल. फक्त दोघं जण होते मध्ये. कुणाचं काय जाणार होतं, सांगा ना मला? पाच मिनिटं उशिरा बातम्या लागल्या असत्या, बस.

सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग थेट माझ्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते. त्यांनी उजवा हात छातीपर्यंत उचलला, मूठ अर्धी मिटली, जशी सायकलच्या मुठीवर असते तशी, आणि हवेतच अंगठा दाबला. एकदा. मी मान हलवली, नाही. त्यांनी पुन्हा दाबला.

मी वाजवली.